रुग्णाचे समाधान : एका मोजमापाची भाषिक चिकित्सा

१

भोर समितीच्या १९४६ च्या अहवालापासून भारतातील ग्रामीण आरोग्यव्यवस्थेची जी रचना क्रमाक्रमाने आकारास आली, तिच्यात उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्यकेंद्र ह्यांच्या वरची पायरी म्हणजे सामुदायिक आरोग्यकेंद्र होय. सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी प्रदेशात ८०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, त्यात तीस खाटा, आणि शस्त्रक्रिया, वैद्यक, स्त्रीरोग-प्रसूती व बालरोग ह्या चार शाखांचे तज्ज्ञ, असे त्याचे विहित स्वरूप आहे. महाराष्ट्रात ही संस्था सामान्यतः ‘ग्रामीण रुग्णालय’ ह्या नावाने परिचित आहे. प्राथमिक केंद्रात ज्याचे निभत नाही, असा रुग्ण चिठ्ठी घेऊन येथे येतो. आणि येथेही न निभल्यास त्याला ‘जिल्ह्याला’ पाठविले जाते. अशा ठिकाणी येणारा माणूस बहुधा आधीच एक-दोन दारे ठोठावून आलेला असतो, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवे.

ह्या केंद्रांचे काम कसे चालले आहे हे ठरविताना अलीकडे ज्या कसोट्या लावल्या जातात, त्यांत ‘रुग्णांचे समाधान’ ही एक प्रमुख कसोटी झाली आहे. रुग्णाला काही प्रश्न विचारावयाचे, त्याच्या उत्तरांना अंक द्यावयाचे, अंकांची सरासरी काढावयाची आणि ती त्या केंद्राच्या नावावर मांडावयाची, अशी ही पद्धती आहे. तिच्यामागील हेतू स्तुत्य आहे, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि एक विसंगती अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे. केंद्र शासनाच्या ग्रामीण आरोग्यविषयक आकडेवारीनुसार ३१ मार्च २०२२ रोजी देशातील ग्रामीण भागातल्या सामुदायिक केंद्रांना जितके तज्ज्ञ आवश्यक होते, त्यांपैकी सुमारे ८० टक्के उपलब्ध नव्हते. म्हणजे ज्या वैशिष्ट्यामुळे हे केंद्र प्राथमिक केंद्राहून निराळे ठरावयाचे, तेच बहुतेक ठिकाणी गैरहजर होते. उलट, समाधानाच्या पाहण्यांतून हाती येणारे आकडे जगभर बहुधा उंच असतात, हे ह्या क्षेत्रातील जाणत्यांनी पुनःपुन्हा नमूद केले आहे. जे नाही त्याविषयी रुग्ण समाधानी कसा, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम प्रायः वैद्यक, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र ह्यांच्याकडे सोपविले गेले आहे. परंतु प्रश्नावली हे मूलतः भाषेचे कार्य आहे. एक माणूस दुसऱ्याला काही विचारतो आणि दुसरा काही उत्तर देतो, ह्या व्यवहारातूनच तो आकडा जन्मास येतो. तेव्हा त्या व्यवहाराची भाषिक बाजू तपासल्यावाचून आकड्याचा अर्थ लावणे हे घाईचे ठरेल. ‘समाधान’ ह्या शब्दाखाली निदान दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होत आहे आणि त्या गल्लतीमुळे रुग्णाला ज्याची खरी निकड असते ती वस्तूच मोजणीबाहेर राहते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

ह्या मोजमापाची परंपरा फार जुनी नाही. ॲव्हेडिस डोनाबेडियन ह्यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेचे मूल्यमापन कसे करावे ह्याविषयी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि रचना, प्रक्रिया व परिणाम ही तीन अंगे वेगळी करून दाखविली. इमारत, खाटा, माणसे ही रचना. तपासणी व उपचार ही प्रक्रिया. आणि रुग्णाच्या प्रकृतीत पडलेला फरक हा परिणाम. पुढे रुग्णाच्या समाधानाची गणना परिणामांत होऊ लागली. १९७० नंतरच्या दशकात जॉन वेअर व त्यांचे सहकारी ह्यांनी समाधान मोजण्यासाठी विस्तृत प्रश्नावली सिद्ध केली. आणि १९९४ साली तिचे अठरा विधानांचे संक्षिप्त रूप तयार झाले. सर्वसाधारण समाधान, वैद्यकीय कौशल्य, वागणूक, संभाषण, खर्च, डॉक्टरांनी दिलेला वेळ आणि सेवा मिळण्यातील सुलभता अशी सात अंगे तीत आहेत. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत, हे रुग्णाने पाच पायऱ्यांच्या मापावर सांगावयाचे असते. जगातील अनेक भाषांत ह्या प्रश्नावलीची रूपांतरे झाली आहेत.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली ‘मेरा अस्पताल’ ही योजना सुरू केली. रुग्णालयातून गेलेल्या रुग्णाला लघुसंदेश, दूरध्वनी वा संगणकीय माध्यम ह्यांतून त्याच्या समाधानाविषयी विचारावे, आणि त्याने असमाधान व्यक्त केल्यास स्वच्छता, कर्मचाऱ्यांची वर्तणूक, उपचाराचा खर्च, उपचाराचा दर्जा अशा ठरीव कारणांतून त्याने आपले कारण निवडावे, अशी तीत व्यवस्था करण्यात आली.

ह्या प्रयत्नांचे श्रेय नाकारता येणार नाही. सार्वजनिक रुग्णालयात येणारा गरीब माणूस हा केवळ उपकारास पात्र आहे, त्याला मत असण्याचे कारण नाही, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. तिला ह्या पाहण्यांनी धक्का दिला. मात्र मत विचारले जाते एवढ्याने ते ऐकले जाते असे होत नाही. प्रश्न कोणत्या शब्दांत, कोणी, कोठे आणि कोणत्या सुरात विचारला ह्यावर उत्तर अवलंबून असते, आणि नेमक्या ह्याच बाबतीत आपल्या प्रश्नावल्या फार भाबड्या आहेत.

३

प्रथम शब्दाचाच विचार करू. इंग्रजीतील ज्या शब्दासाठी मराठीत ‘समाधान’ योजला जातो, त्या ‘सॅटिस्फॅक्शन’चे मूळ लॅटिन आहे. ‘पुरेसे’ आणि ‘करणे’ ह्या दोन अर्थांच्या घटकांपासून तो बनला आहे. देणेकऱ्याने देणे पुरते फेडावे, ही कल्पना त्याच्या मुळाशी आहे. ह्यामुळे त्या शब्दात दोन पक्ष गृहीत आहेत : एकाने काही द्यावयाचे होते, दुसऱ्यास ते पुरेसे मिळाले की नाही. सेवेच्या मोजमापासाठी हा शब्द तिकडे सहज चालून गेला, ह्याचे कारण हे आहे.

‘समाधान’ ह्या शब्दाची घडण अगदी निराळी आहे. सम् आणि आ ह्या उपसर्गांसह ‘धा’ म्हणजे ठेवणे ह्या धातूपासून तो सिद्ध झाला आहे; विखुरलेले एकत्र आणून नीट ठेवणे, असा त्याचा मूळ आशय आहे. वेदान्तात शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान अशी जी साधकाची सहा लक्षणे सांगितली आहेत, त्यांत हा शब्द चित्ताच्या स्थिरतेसाठी आला आहे. आणि सुखदुःखे निमूटपणे सोसण्याची वृत्ती, म्हणजे तितिक्षा, त्याच्या शेजारीच बसलेली आहे. मराठी संतवाङ्मयातून आणि कीर्तन-प्रवचनांतून हाच अर्थ खेड्यापाड्यांतून झिरपला. त्यामुळे मराठी बोलणाऱ्याच्या लेखी समाधान हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा गुण आहे. ‘तो समाधानी माणूस आहे’ ह्या वाक्यात त्या माणसाची स्तुती आहे. त्याला मिळालेल्या कोणत्याही वस्तूविषयी तीत काहीच सांगितलेले नाही.

आता ‘आपण येथील सेवेबाबत कितपत समाधानी आहात?’ हा प्रश्न ग्रामीण रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेल्या एखाद्या वृद्धेस विचारला, तर तिला तो कसा ऐकू येईल? विचारणाऱ्याच्या मनात सेवेचे मोल आहे. ऐकणारीस मात्र ‘तू समाधानी बाई आहेस की कुरकुरी?’ असे काहीसे ऐकू येण्याचा संभव आहे. अशा प्रश्नाला कोण मानी माणूस ‘नाही’ म्हणेल? येथे मिळणारा होकार हा रुग्णाच्या शालीनतेचा पुरावा म्हणून स्वीकारावा लागेल. रुग्णालयाच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध जोडणे हे दुसऱ्याच्या पदरातले पुण्य आपल्या खात्यावर मांडण्यासारखे आहे.

हीच अडचण मापाच्या पायऱ्यांतही आहे. ‘अत्यंत समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी, अत्यंत असमाधानी’ ही भाषांतरित पाच पदे पाहावीत. बोलीत ‘अत्यंत’ हे विशेषण जवळजवळ येतच नाही. ‘असमाधानी’ हे वर्तमानपत्री आहे. आणि ‘तटस्थ’ तर सरळसरळ चुकीचे आहे, कारण मराठीत तटस्थ तो, जो दोघांच्या भांडणात कोणाचीच बाजू घेत नाही. स्वतःच्या दुखण्याविषयी माणूस तटस्थ कसा राहील? वस्तुतः मराठी माणसापाशी सेवेचे मोल सांगणारी स्वतःची पदावली आहे आणि ती पुष्कळ सूक्ष्म आहे. ‘बरं आहे’, ‘ठीक आहे’, ‘चाललंय’, ‘काय सांगायचं’ ह्या उत्तरांत केवढे अंतर आहे, हे कोणाही मराठी भाषकाला कळते; त्यातही ‘बरं आहे’चा सूर खाली पडला की त्याचा अर्थ उलट होतो. ‘गुण आला’ हे परिणामाविषयीचे विधान आहे. ‘औषध लागू पडलं’ हे उपचाराविषयीचे. आणि ‘हात लावूनसुद्धा पाहिलं नाही’ हे प्रक्रियेविषयीचे. डोनाबेडियन ह्यांची विभागणी ज्या समाजाच्या बोलण्यात अशी आयती उपलब्ध आहे, त्याच्यापुढे पाच पायऱ्यांची परकी शिडी ठेवण्याचे प्रयोजन काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आणि हे झाले मराठी मातृभाषा असणाऱ्यांविषयी. मेळघाटात कोरकू बोलली जाते, ती मुंडा कुलातील. गडचिरोलीत गोंडी व माडिया बोलल्या जातात, त्या द्राविड कुलातील. तेथील रुग्णाला ‘समाधान’ हा शाळेतला शब्द आहे. त्याने दिलेले उत्तर शब्दाला दिलेले नसते. विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून दिलेले असते.

४

शब्दानंतर प्रसंगाचा विचार येतो. उत्तर कोठे आणि कोणास दिले जाते ह्याने ते किती बदलते, ह्याविषयी आता भरीव पुरावा उपलब्ध आहे. पीटर ग्लिक ह्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मादागास्करमधील अभ्यासात एकाच दवाखान्यांविषयी दोन ठिकाणी विचारलेल्या उत्तरांची तुलना केली होती. दवाखान्याच्या दारातून बाहेर पडताना विचारलेल्या रुग्णांचे समाधान घरी जाऊन विचारलेल्यांपेक्षा अधिक भरले. नायजेरियातील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात विधानांची दिशा तेवढी बदलली : काही रुग्णांपुढे सेवा चांगली असल्याची विधाने ठेवली, तर काहींपुढे तीच विधाने उलट करून ठेवली. चांगल्या बाजूने मांडलेल्या विधानांमुळे समाधानाचे प्रमाण लक्षणीय वाढले. सेवा तीच, रुग्ण तसेच. बदलले ते केवळ वाक्य. पुढे ठेवलेल्या कोणत्याही विधानाला मान डोलविण्याची ही प्रवृत्ती वेअर ह्यांनीही १९७८ सालीच दाखवून दिली होती.

मराठीत ह्या प्रवृत्तीला व्याकरणाचीही साथ मिळते. प्रत्यक्ष पाहणी करणारा कार्यकर्ता छापील वाक्य जसेच्या तसे क्वचितच वाचतो. तो ते बोलीत आणतो, आणि बोलीत आणताना शेवटी ‘ना’ जोडतो : ‘डॉक्टर नीट बोलले ना?’ ‘औषधं मिळाली ना?’ हा ‘ना’ प्रश्नाचे चिन्ह धारण करतो, पण काम होकार मिळविण्याचे करतो. तसेच ‘डॉक्टरांनी घाई केली नाही ना?’ ह्या प्रश्नाला आलेले ‘नाही’ हे उत्तर संमतिदर्शक असते, आणि ‘हो’ हे उत्तरही कधीकधी संमतिदर्शकच असते. नकारार्थी विधानांशी ‘सहमत’ वा ‘असहमत’ असा निवाडा द्यावयास लावणाऱ्या प्रश्नावलीत ह्यातून किती गोंधळ माजत असेल, ह्याची कल्पना करता येते.

शिवाय ग्रामीण रुग्णालयात प्रश्न विचारणारी व्यक्ती रुग्णाच्या दृष्टीने त्याच संस्थेची असते. गळ्यात ओळखपत्र आणि हातात कागद असलेला प्रत्येक माणूस ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ असतो. आणि रुग्णाला पुढच्या आठवड्यात टाके काढावयास पुन्हा तेथेच यावयाचे असते. अशा स्थितीत ‘नाही’ म्हणणे हे मत देणे उरत नाही, ते गाऱ्हाणे होते. गाऱ्हाणे करावयाचे तर ते कोणाकडे, कोणाविरुद्ध आणि पुढे काय होईल, हा हिशेब आलाच.

ह्याहून खोल कारण ब्रायन विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ब्रिटनमधील रुग्णांच्या मुलाखतींतून पुढे आणले. वाईट अनुभव आला तरी रुग्ण वाईट मत देईलच असे नाही. ते काम त्या संस्थेचे कर्तव्यच नव्हते, किंवा कर्तव्य असले तरी ते न होण्यात तिचा दोष नव्हता, असे त्याला वाटले, तर अनुभव वाईट राहूनही मत चांगलेच दिले जाते. ग्रामीण महाराष्ट्रात हा न्याय रोज ऐकू येतो. ‘एक डॉक्टर, ते तरी किती जणांना बघणार?’, ‘वरूनच औषध येत नाही, त्याला सिस्टर काय करणार?’ ह्या वाक्यांत रुग्णाचा विवेक आहे, सहानुभूतीही आहे. परंतु प्रश्नावलीत ह्या विवेकाला जागा नसल्यामुळे तो ‘समाधानी’ ह्या रकान्यात जमा होतो. तज्ज्ञांच्या रिकाम्या जागा आणि समाधानाचे उंच आकडे एकत्र कसे नांदतात, ह्याचा उलगडा येथे होतो. अपेक्षा तुटवड्याच्या मापाने आखडत गेली की थोडक्यातही समाधान होते. आणि ते समाधान पाहून तुटवडा भरून काढण्याची निकड शासनाला भासत नाही. सारा ब्लाइक व सहकाऱ्यांनी २००९ साली युरोपातील २१ देशांविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आरोग्यव्यवस्थेविषयीच्या समाधानात आढळणाऱ्या फरकांपैकी सुमारे १० टक्केच फरकांचा उलगडा रुग्णांच्या प्रत्यक्ष अनुभवाने झाला. उरलेल्याचे मूळ अपेक्षा आणि भोवतालचे वातावरण ह्यांत शोधावे लागते.

५

मग रुग्णाच्या मनाला खरोखर काय लागते? ह्याचे सर्वांत बोलके उत्तर बार्बरा कॉर्श व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९६८ च्या अभ्यासात आहे. लॉस एंजेलिस येथील मुलांच्या रुग्णालयात, आगाऊ वेळ न घेता येणाऱ्यांसाठी असलेल्या बाह्यविभागात झालेल्या ८०० भेटी त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या आणि नंतर मातांच्या मुलाखती घेतल्या. ७६ टक्के माता समाधानी होत्या. पाहणी एवढ्यावर थांबली असती, तर तो आकडा कोणत्याही अहवालात मानाने मिरविला असता. परंतु कॉर्श ह्यांनी पुढे विचारले. सुमारे एक पंचमांश मातांना आपल्या मुलाला नेमके काय झाले आहे हे स्पष्ट सांगितले गेले असे वाटत नव्हते. आणि जवळजवळ निम्म्या माता, मुलाचे आजारपण कशामुळे आले हा प्रश्न मनात तसाच घेऊन घरी परतल्या होत्या. भेट किती मिनिटे चालली ह्याचा आणि समाधानाचा मात्र ठळक संबंध आढळला नाही.

हा शेवटचा निष्कर्ष आपल्याकडे जपून वापरावयास हवा. ६७ देशांतील आकडेवारी एकत्र करणाऱ्या २०१७ च्या एका अभ्यासात प्राथमिक सेवेतील डॉक्टर-रुग्ण भेटीचा सरासरी काळ बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये २२.५ मिनिटे आढळला. मिनिटभरात काहीच समजावून सांगता येत नाही, हे उघड आहे. तेव्हा वेळेला महत्त्व नाही असे कोणी म्हणू नये. परंतु वेळ मिळूनही बोलणे झाले नाही तर तो वाया जातो, एवढे कॉर्श ह्यांच्या अभ्यासावरून निश्चित म्हणता येते.

बोलण्यात पहिला शब्द संबोधनाचा. रॉजर ब्राउन आणि ॲल्बर्ट गिलमन ह्यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांच्या आधारे सत्ता आणि जवळीक ह्यांची जी मीमांसा केली, ती मराठीतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ ह्यांनाही लागू पडते. ‘ए आजी, इकडे ये’ आणि ‘या आजी, बसा’ ह्या दोन वाक्यांत वैद्यकीय दृष्ट्या काहीच फरक नाही. पण पहिल्या वाक्यानंतर त्या आजी आपल्या दुखण्यातले निम्मे सांगणार नाहीत. ‘आजी’ ह्या नात्याच्या शब्दाबरोबर येणारा ‘तू’ घरात मायेचा असतो. केसपेपरच्या खिडकीवर तोच ‘तू’ खालच्या पायरीवर बसवितो. रुग्ण हे विसरत नाही, आणि विचारले तर सांगतही नाही.

दुसरी गोष्ट समजावून सांगण्याची. ‘बीपी वाढलंय, गोळी चालू ठेवा’ हे सांगणे झाले. गोळी किती दिवस, ती थांबविल्यास काय होते, बरे वाटू लागल्यावरही ती का घ्यावयाची, हे समजावणे उरले. मराठीत ‘सांगणे’, ‘बजावणे’ आणि ‘समजावणे’ ही तीन क्रियापदे वेगळी आहेत. आरोग्यकेंद्रातील बहुतेक भाषण पहिल्या दोहोंत संपते. ‘मेरा अस्पताल’सारख्या योजनेतील ठरीव कारणांकडे ह्या दृष्टीने पाहिले तर दिसते, की ‘मला काय झाले ते कोणी समजावले नाही’ ही तक्रार ‘वर्तणूक’ वा ‘दर्जा’ ह्यांच्या पोटात कोठेतरी गडप होते. ती करणाऱ्याला आपली तक्रार तेथे ओळखूच येणार नाही.

येथे ‘समाधान’ ह्या शब्दाचा दुसरा, विस्मृतीत चाललेला अर्थ उपयोगी पडतो. शास्त्रीय वादात पूर्वपक्षाने शंका घ्यावी आणि उत्तरपक्षाने तिचे समाधान करावे, असा परिपाठ होता. ‘शंकासमाधान’ ह्या जोडशब्दात तो आजही जिवंत आहे. ह्या अर्थाने समाधान ही माणसाची सोशिक वृत्ती राहत नाही. ते दुसऱ्याने करावयाचे काम होते. त्याला शंका ऐकून घ्यावी लागते आणि उत्तर द्यावे लागते. कॉर्श ह्यांच्या अभ्यासातील माता पहिल्या अर्थाने समाधानी होत्या. दुसऱ्या अर्थाने त्यांपैकी निम्म्यांचे समाधान झालेले नव्हते.

६

ह्यावर एक आक्षेप संभवतो. रुग्णाच्या अनुभवाचा उपचाराच्या फळाशी संबंध आहे, हे सिद्ध झालेले असताना समाधानाच्या पाहण्यांवर इतका अविश्वास का? ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१३ च्या एका निबंधात, चांगला अनुभव आणि उपचाराची परिणामकारकता व सुरक्षितता ह्यांत अनुकूल संबंध दाखविला गेला, हे खरे आहे. परंतु तो संबंध मुख्यतः अनुभवाशी आहे. निव्वळ समाधानाचा प्रवास उलट दिशेनेही होऊ शकतो. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सर्वाधिक समाधानी रुग्णांचा औषधांवरील खर्च आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ही दोन्ही अधिक आढळली. कार्यकारणभाव त्यावरून सिद्ध होत नसला, तरी इशारा पुरेसा आहे. आपल्याकडे ह्याचे रूप परिचयाचे आहे. सुई टोचली, सलाईन लावले की ‘डॉक्टर चांगला’ ही भावना गावोगाव आढळते. नको असलेली सुई न देता का नको ते समजावणारा डॉक्टर ह्या मापावर सुई देणाऱ्याच्या मागे पडावयाचा.

दुसरी आणि अधिक गंभीर मर्यादा अशी, की जो आला त्यालाच विचारले जाते. मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. अंगावर काढणारा रुग्ण कोणत्याही पाहणीत येत नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे दिसले. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. त्या काळी तेथील आरोग्यकेंद्राच्या दारात समाधानाची पाहणी केली असती, तर ह्या बहुसंख्य स्त्रियांचे मौन तीत कोणत्या रकान्यात पडले असते? ते रकान्याबाहेरच राहिले असते. पुढे त्याच जिल्ह्यात शोधग्राम येथे बंग दांपत्याने रुग्णालय उभारले, तेव्हा त्याची रचना गोंड वस्तीच्या धर्तीवर केली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. माणसे इमारतीला, पांढऱ्या झग्याला आणि परक्या भाषेला बिचकतात, हे ओळखून ही योजना झाली. ही ओळख केंद्रात न येणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले तरच होते. केवळ येणाऱ्यांना विचारून ती झाली नसती.

७

ह्या सर्व विवेचनाचा रोख रुग्णाला प्रश्न विचारूच नयेत असा नाही. प्रश्न बदलावेत, असा आहे. अमेरिकेतील रुग्णालयांसाठी २००६ पासून वापरात आलेल्या राष्ट्रीय प्रश्नावलीत अमुक गोष्ट किती वेळा घडली, नेहमी, बहुधा, काही वेळा की कधीच नाही, असे विचारण्याकडे मुख्य कल आहे. घडलेले सांगताना माणसाच्या शालीनतेची परीक्षा होत नाही. ‘समाधानी आहात का?’ ह्याऐवजी ‘आजार कशामुळे झाला हे कोणी सांगितले का? काय सांगितले?’ असे विचारले, आणि रुग्णाने ते आपल्या शब्दांत परत सांगितले, तर उत्तर आणि त्याची सत्यता दोन्ही एकदमच हाती येतात. असे प्रश्न घरी जाऊन, रुग्णालयाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने, रुग्णाच्या बोलीत विचारावेत. आणि ‘काय सांगायचं’सारखी उत्तरे रकान्यात कोंबण्याऐवजी जशीच्या तशी टिपून घ्यावीत. भाषाविभागांतील विद्यार्थ्यांना ह्या कामात मोठा वाव आहे. मराठीच्या निरनिराळ्या बोलींत, तसेच कोरकू व गोंडीत, दुखणे, उतार, वागणूक आणि उपचार ह्यांविषयीची पदावली गोळा केल्यावाचून कोणतीही प्रश्नावली महाराष्ट्राची होणार नाही.

प्रश्नावलीच्या पलीकडचा मार्गही महाराष्ट्रात चोखाळला गेला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे ह्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला आणि पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने त्याच्या राज्यस्तरीय समन्वयाचे काम पाहिले. गावकऱ्यांनी सेवेचे गुणपत्रक स्वतः भरावयाचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमक्ष आपले अनुभव मांडावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. भाषिक दृष्टीने पाहता येथे संवादाचा क्रम उलटतो. प्रश्न रुग्ण विचारतो आणि उत्तर देण्याची जबाबदारी व्यवस्थेवर येते. एकट्याने ‘नाही’ म्हणण्याचा संकोच समुदायात सैल होतो. अमेरिकेत १९६५ साली बोस्टन येथे सुरू झालेल्या सामुदायिक आरोग्यकेंद्रांच्या चळवळीतूनही ह्याच दिशेची एक तरतूद पुढे कायद्यात आली : शासकीय अनुदान घेणाऱ्या अशा केंद्राच्या संचालक मंडळात निम्म्याहून अधिक सदस्य त्याच केंद्राचे रुग्ण असले पाहिजेत. अर्थात जनसुनवाईतही गावातील वजनदार माणसांचा आवाज इतरांच्या आवाजाला झाकू शकतो, आणि मंडळावर बसलेला प्रत्येक सदस्य बोलतोच असे नाही. ह्या मार्गांचीही अशीच कठोर चिकित्सा व्हावयास हवी.

सामुदायिक आरोग्यकेंद्रात रुग्णाचे मत घडविणाऱ्या गोष्टी अनेक आहेत : औषध, अंतर, खर्च, स्वच्छता, प्रतीक्षा. ह्यांपैकी कोणतीही क्षुल्लक नाही. परंतु त्या सर्वांचा आकडा ज्या एका प्रश्नातून काढला जातो, तो प्रश्न रुग्णाच्या सहनशीलतेलाच सेवेची गुणवत्ता समजत असेल, तर त्या आकड्यावर आधारलेले नियोजन सर्वाधिक सोसणाऱ्या भागाला सर्वांत कमी देत राहील. मेळघाटातील किंवा गडचिरोलीतील केंद्राचा आकडा उंच आला, तर त्याचा आनंद मानण्यापूर्वी तेथे कोणाची शंका ऐकली गेली आणि तिचे उत्तर कोणी दिले, एवढे तरी पाहावयास हवे. जो शब्द मोजणीसाठी निवडला, त्याचा जुना अर्थही एवढीच मागणी करतो.